उंची पाच मार्च

रामप्रसादने '5-3' असं टाइप केलं, एंटर दाबलं, आणि कॉम्प्युटरने त्या खान्यात '05-Mar' असं लिहून टाकलं.

त्याने ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा पाच मार्च. तिसऱ्या वेळी त्याने एकेक बटण जरा जोरात दाबलं. बहिऱ्या माणसाशी बोलताना आपण आवाज चढवतो, तसं. कॉम्प्युटरवर त्याचा काही परिणाम झाला नाही. मुलीची उंची पाच फूट तीन इंच होती आणि कॉम्प्युटरच्या मते ती पाच मार्च होती.

रामप्रसाद हसनाबादचा. एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून काढून दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला होता. कोणाच्या मेंढीला कधी कोणती लस टोचली, याचं त्याचं रजिस्टर इतकं नेटकं असे की तपासणीला आलेले साहेब ते इतरांना दाखवायला मागून नेत. म्हणूनच समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या समितीने यंदाची परिचय पुस्तिका त्याच्या गळ्यात घातली. मागल्या वर्षीच्या पुस्तिकेत एका नवरदेवाचं वय बासष्ट छापलं होतं आणि एक मुलगी मुलांच्या यादीत गेली होती. मंठ्याच्या बैठकीत त्यावरून बरीच हसाहस झाली, तेव्हा रामप्रसाद उठून म्हणाला होता, "यंदा एक चूक काढून दाखवा. मी समितीतून नाव काढून घेतो."

हे बोलताना यादी हाताने लिहायची असंच त्याच्या डोक्यात होतं. छापखानेवाल्याने हाताने लिहिलेला कागद घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याची पंचाईत झाली.

खरं तर विचारायला माणूस घरातच होतं. त्याची मुलगी प्रांजली नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात होती. कोणत्या लॉटचं बी किती उगवलं याचे आकडे ती दिवसभर असल्याच तक्त्यांत भरत असे. आठवडाभर तिथेच खोलीवर राहायची, शनिवारी घरी यायची. रामप्रसाद ज्या लॅपटॉपशी झुंजत होता तोही तिचाच जुना. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

पण यादीत त्रेसष्टाव्या नंबरवर प्रांजली स्वतः होती, आणि ते तिला माहीत नव्हतं.

दिवाळीत पाहुण्यांची चौथी खेप येऊन गेली, त्यातल्या एका काकांनी तिला दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायला सांगितलं आणि चौकटीवर पेन्सिलीने खूण केली. पाहुणे गेल्यावर पोह्यांच्या बशा विसळताना प्रांजली शांतपणे म्हणाली की आता वर्षभर कोणाला बोलावायचं नाही. रामप्रसादने मान डोलावली होती. आणि जानेवारीत गुपचूप तिचं नाव यादीत घातलं होतं. अशा माणसाने फोन करून काय विचारावं?

म्हणून तो एकटाच खटपट करत राहिला. कुठेतरी उजवं बटण दाबल्यावर एक लांबलचक पाटी उघडली, तिच्यात शोधताशोधता 'टेक्स्ट' हा शब्द सापडला. टेक्स्ट म्हणजे मजकूर, हे त्याला माहीत होतं. त्याने सगळा रकाना निवडून ते दाबलं, आणि पाच मार्च जाऊन तिथे 46086 आलं. खाली सगळ्याच मुली सेहेचाळीस हजारांच्या घरात गेल्या.

त्याची बायको साखराबाई मागून बघत होती. ती म्हणाली, "एवढ्या उंच पोरीला पोरगा कुठून आणायचा?"

रामप्रसादने घाईघाईने होतं तसं केलं. सेहेचाळीस हजारांपेक्षा पाच मार्च बरी. शिवाय वर ठळक अक्षरांत 'उंची' असं लिहिलेलं होतंच. उंचीखाली पाच मार्च दिसलं तर शहाण्या माणसाने पाच-तीन समजायला काय हरकत आहे? फोन नंबरांचंही असंच झालं होतं. दहा आकडी नंबर लिहिला की खान्यात 9.8E+09 असं काहीतरी उमटायचं. पण त्या खान्यावर बाण नेला की वरच्या पट्टीत पूर्ण नंबर दिसत होता. म्हणजे नंबर आत होता. कणगी भरलेली आहे, तोंड तेवढं अरुंद आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली. कागदावर सगळं बराबर येईल.

कागदावर सगळं जसंच्या तसं आलं. छापखानेवाल्याने वर आणखी एक काम केलं. पहिल्या पानावर समितीचे अध्यक्ष कल्याणराव यांचा हसरा फोटो टाकायचा होता. तो त्याने बरोबर त्या ओळीवर टाकला जिथे 'नाव, शिक्षण, गाव, उंची, फोन' असं लिहिलेलं होतं.

मेळाव्याच्या सकाळी पुस्तिकांचे गठ्ठे आले तेव्हा रामप्रसादने वरची एक प्रत उघडली. तीनशे प्रती. प्रत्येकीत मुली मार्च-एप्रिलच्या आणि सगळ्यांचा फोन नंबर जवळजवळ एकच. आता कोणीतरी उठेल, पुस्तिका वर धरेल, आणि आपल्याला तेच वाक्य ऐकवेल, या धास्तीत तो दिवसभर मांडवाच्या कडेला उभा राहिला. पण कोणी उठलं नाही. लोकांनी पुस्तिका चाळली, काही ठिकाणी पेनाने खुणा केल्या, घडी घालून खिशात ठेवली आणि जेवायला गेले. त्यानंतर तीन आठवडे कोणाचा फोन नाही की निरोप नाही. रामप्रसादला पुन्हा झोप लागायला लागली. घरातली प्रत त्याने प्रांजलीच्या नजरेस पडू नये म्हणून गव्हाच्या कोठीमागे सारून ठेवली.

पाच मार्चला सकाळी, धुळवडीचा रंग अजून त्याच्या कानामागून गेला नव्हता तेव्हा, दारात एक जीप थांबली. आतून सात माणसं उतरली. पुढे चतुराबाई नावाच्या एक वयस्क बाई होत्या, अंबडकडच्या. सोबत नातू होता, त्याचे आईबाप होते, आणि बाकीचे नुसतेच आले होते. चतुराबाई ओसरीवर टेकत म्हणाल्या, "तारखेला आलो बघा बराबर. एक दिवस इकडं न्हाई की तिकडं न्हाई."

दारात आलेल्या पाहुण्याला का आलात असं विचारत नाहीत. रामप्रसादने पाणी दिलं. साखराबाईने यांना बोलावलं असणार, असं त्याला वाटलं. नवऱ्याने बोलावलं असणार असं साखराबाईला वाटलं. दोघं स्वयंपाकघरात एकमेकांवर दातओठ खात असतानाच बाहेर दुसरी गाडी वाजली.

हे पाहुणे बदनापूरचे. गोरक्षनाथ नावाचे गृहस्थ, त्यांचा लग्नाचा पुतण्या, सोबत चार नातेवाईक आणि पोहे खायला म्हणून आलेली त्यांची मुलगी अंजू. ओसरीवर आधीच सात माणसं बसलेली पाहून गोरक्षनाथ पायरीवरच थबकले. चतुराबाईंनीही त्यांना खालून वर न्याहाळलं. मग दोन्हीकडून विचारपूस झाली, आणि दोघंही एकाच मुलीला, एकाच दिवशी बघायला आलेत हे उघड झालं.

चतुराबाई म्हणाल्या, आम्ही आधी आलो. गोरक्षनाथ म्हणाले, आम्ही सहाला निघाल्तो, रस्त्यात पंक्चर झालं. चतुराबाई म्हणाल्या, पंक्चर मोजत न्हाईत. शेवटी दोघं रामप्रसादकडे वळले आणि गोरक्षनाथांनी खिशातून पुस्तिका काढून त्याच्यासमोर धरली.

"पाहुणे, तारीख तुम्हीच दिली. येळ दिली न्हाई. मंग आता आधी कोन?"

रामप्रसादने पाहिलं. त्रेसष्ट, प्रांजली, बी.एस्सी., हसनाबाद, 05-Mar. शेजारी 9.8E+09. आणि वर उंचीचा कुठे मागमूसही नाही.

मग त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. लोकांना ती मुलगी पाहण्याची तारीख वाटली होती. फोन नंबर असता तर कोणी ना कोणी आधी विचारलं असतं. नंबरच नव्हता, म्हणून लोक पत्ता काढत सरळ दारात आले. पाच जानेवारी आणि पाच फेब्रुवारीच्या मुलींचं जमून गेलं असावं, असं धरून कोणी तिकडे फिरकलं नव्हतं. पहिली पुढे आलेली तारीख होती पाच मार्च. यादीत पाच-तीनच्या नऊ मुली होत्या. म्हणजे या घटकेला जिल्ह्यात आणखी आठ दारांत गाड्या उभ्या असणार. रामप्रसाद हळूच ओट्यावर टेकला.

"पोरगी कुठंय?" चतुराबाईंनी विचारलं.

तो गोठ्यामागे गेला आणि त्याने प्रांजलीला फोन लावला. सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून त्याने आधी तिची तब्येत विचारली. मग म्हणाला की जल्दी घरी ये. ती घाबरली. आईला काही झालं का? न्हाई, आई ठीक आहे. मग?

"तुझी उंची हाय ना," रामप्रसाद म्हणाला, "ती आज आली."

 मग प्रांजलीने एकच प्रश्न विचारला, आणि तो बरोबर वर्मावर होता. "बाबा, तुम्ही कॉलम टेक्स्ट न करता टाइप केलं का?"

त्याने सगळं कबूल केलं. त्रेसष्ट नंबरासकट.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, बस पकडून ती यायला साडेबारा वाजले. तोपर्यंत साखराबाईने चार घरांतून दूध आणि पोहे गोळा केले होते. अंजू न सांगता उठून कांदे चिरायला बसली होती. आणि तेवढ्यात एक मोटरसायकल आली होती. तिच्यावर कडूबा नावाचे मंठ्याकडचे शेतकरी आणि त्यांचा मुलगा मिथुन. ते मुलगी बघायला आले नव्हते. ते तक्रार घेऊन आले होते. कडूबांचं म्हणणं असं, की पुस्तक फेब्रुवारीत दिलं आणि आमच्या पोराला तारीख दिली सहा जानेवारी. घरी बसून वाट तरी कोणाची बघायची? रामप्रसादने त्यांनाही पाणी दिलं. मुलगा मात्र आत आलाच नाही. तो कमालीचा उंच होता. लिंबाखाली मोटरसायकलला टेकून, बाप आत काय बोलतो आहे ते ऐकू येऊ नये अशा बेताने तो दुसरीकडे बघत उभा होता.

प्रांजली गळ्यातल्या ऑफिसच्या ओळखपत्रासह तशीच ओसरीवर आली. पदर नाही, बशी नाही. तिने बापाकडे बघितलं नाही. गोरक्षनाथांकडून पुस्तिका मागून घेतली, दोन पानं उलटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही तारीख न्हाई. ही माझी उंची हाय. पाच फूट तीन इंच."

 रामप्रसादने जमिनीकडे पाहिलं. आता पुढचं वाक्य कोणाचं येतंय याची तो वाट बघत राहिला.

पहिल्या हसल्या त्या चतुराबाई. पोट धरून, डोळे पुसत हसल्या. त्यांचा नातू यादीत पाच जुलै होता. आता कळलं की तो पाच-सात होता. "म्या महिनाभर घोर लावून घेतला," त्या म्हणाल्या, "की ऐन पेरणीत पाहुणे येनार, अन् घरात बसायला मानूस न्हाई."

मग सगळ्यांनीच पुस्तिका काढल्या. बोटांवर महिने मोजून उंच्या काढायचं काम सुरू झालं. एप्रिल म्हणजे चार, मे म्हणजे पाच. गोरक्षनाथांनी पुतण्यासाठी पाच मेच्या एका मुलीवर खूण केली होती. त्यांनी मोजलं, शेजारी बसलेल्या पाच-दोनच्या पुतण्याकडे पाहिलं आणि ती खूण मुकाट्याने खोडली. मग समोर उभ्या प्रांजलीकडे पाहिलं आणि टोपी नीट केली. पुतण्याच्या चेहऱ्यावर मात्र, इतका वेळ चपलांचे अंगठे बघत बसलेल्या माणसाला सुट्टी मिळावी, तसा आनंद होता.

राहिल्या चतुराबाई. पण त्यांचं लक्ष बऱ्याच वेळापासून प्रांजलीवर नव्हतंच. ते स्वयंपाकघराच्या दारात होतं, जिथे अंजू एकोणीस माणसांचे पोहे एकटीने परतून आता बशा भरत होती. त्यांनी गोरक्षनाथांना जवळ बोलावून मुलीचं शिक्षण विचारलं, मग मामाकडचं गाव विचारलं. नातवाने फोन खिशात ठेवला, हे सगळ्यांनी पाहिलं. अंजूचं नाव यादीतच नव्हतं, म्हणजे तिच्या तारखेचाही प्रश्न नव्हता. पोहे संपले तेव्हा चतुराबाई गोरक्षनाथांना आपल्या घरी चहाला चला म्हणत होत्या, आणि दोन्ही गाड्या एकामागे एक हसनाबादच्या फाट्याकडे निघून गेल्या.

कडूबा तेवढे उरले होते. ते अजून सहा जानेवारी धरूनच बसले होते, कारण त्यांना मध्येच पान खायला जाऊन यावं लागलं होतं. रामप्रसाद त्यांना पहिल्यापासून समजावू लागला.

बाहेर लिंबाखाली प्रांजली पाण्याचा तांब्या घेऊन गेली, तेव्हा मिथुन म्हणाला की त्याला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. तो ठिबकचे पाइप बसवायचं काम करायचा, आणि मालाची यादी कॉम्प्युटरवर तोच लिहायचा.

"पाऊण इंची पाइप 3/4 असा लिवला की तीन एप्रिल होतंय. अर्धा इंच लिवला की एक फेब्रुवारी. बाबांना म्हनलो मी, ही माझी उंची हाय म्हनून. सहा-एक. ते ऐकत न्हाईत."

"मंग तुम्ही काय करता?" प्रांजलीने विचारलं.

"आकड्याच्या आधी वर एक स्वल्पविराम देतो. मंग जसं लिवलं तसं राह्यतंय."

"दर खान्यात?"

"दर खान्यात."

"दोनशे ओळी असल्या तर दोनशे वेळा?"

 कदाचित मिथुनच्या यादीत दोनशे ओळी कधी नसतील. प्रांजली तांब्या मोटरसायकलच्या सीटवर ठेवून सांगायला लागली की असं एकेक खान्यात टिकल्या लावत बसायचं नसतं. काही लिहायच्या आधी अख्खा कॉलम निवडायचा, टेक्स्ट करायचा, आणि मग टाइप करायचं. नंतर टेक्स्ट केलं तर उपयोग नाही. तेव्हा आत तारीख बसलेली असते आणि ती सेहेचाळीस हजार होऊन बाहेर येते. मिथुनचं म्हणणं असं पडलं, की आपला एकच खाना बिघडणारा असला तर स्वल्पविराम सोपा. प्रांजली म्हणाली, बिलकुल नाही. वाद बराच वेळ चालला. आत रामप्रसादचं सांगून संपलं, कडूबांना उंची पटली, त्यांचा चहा झाला, दुसरा चहा झाला, आणि साखराबाईने खिडकीतून पाहून रामप्रसादला हळूच सांगितलं की कडूबांना आणखी काहीतरी समजावून सांगा.

आठ दिवसांनी समितीची बैठक होती. रामप्रसादने राजीनामा सुंदर अक्षरात लिहून खिशात ठेवला आणि मंठ्याला गेला. बोललेला शब्द होता. एक चूक म्हणाला होता, इथे तर तीनशे प्रतींत मिळून मोजता येणार नव्हत्या. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला, म्हणजे उठून जायला सोपं.

कल्याणराव अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की मागल्या वर्षी मेळाव्यातून दोन लग्नं जमली होती. यंदा महिनाभरात नऊ जमली. नऊपैकी सहा पाच मार्चची.

"उंचीचं काय झालं ते कळलं मला," कल्याणराव रामप्रसादकडे बघून म्हणाले. "सगळ्या जिल्ह्याला कळलं. पर मी काय म्हनतो, नंबर असला की लोकं काय करतात? फोन करतात, इकडून चौकशी, तिकडून चौकशी, अन् घरी बसूनच न्हाई म्हनतात. यंदा नंबर न्हाई म्हनून लोकं गेले. गेले, बसले, पोरं एकमेकांशी बोलले. उंची काय, घरी गेल्यावर दिसतीच की मानसाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक सूचना तेवढी आली. चार फूट अकरा इंचाच्या तीन मुलींना चार नोव्हेंबर मिळाला होता आणि त्यांचे वडील म्हणत होते की तारीख फार लांबची पडली, जरा अलीकडची द्यावी. ठराव झाला की पुढल्या वर्षीही पुस्तिका रामप्रसादनेच करावी आणि तारखा आपल्या मनाने द्याव्यात. त्याच्या गळ्यात हार पडला. राजीनामा काढायला हात खिशात घालावा, तर हातात नारळ होता.

परतीच्या बसमध्ये त्याला इतकं हलकं वाटत होतं की भोकरदनच्या फाट्यावर त्याने शेजारच्या अनोळखी माणसालाही पेढा दिला.

शनिवार होता. प्रांजली घरी आलेली होती आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. चूक ती चूक, म्हणून दुरुस्त यादी ती नव्याने करत होती. तारीख नको, नंबर हवेत, असं तिचं स्पष्ट मत होतं. तिने रकाना आधीच टेक्स्ट केला होता आणि आता 5-3 लिहिलं की 5-3 राहत होतं. नंबरांचे दहाच्या दहा आकडे ओळीने उभे होते. रामप्रसादने चष्मा लावला आणि जुन्या रजिस्टराच्या सवयीने वरून खाली बोट फिरवत एकेक ओळ तपासायला घेतली. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्टाव्या ओळीत भलतीच मुलगी होती.

त्याने पुन्हा वरून पाहिलं. प्रांजली कुठेच नव्हती. तिने रागाने आपलं नाव काढलं असेल, असं त्याला वाटलं, आणि ते त्याला पटलंही. तो पुढे मुलांच्या यादीत गेला. तिथे सर्वांत उंच मुलगा निघाला पाच-अकराचा.

"दोन नावं गळाली बघ," रामप्रसाद म्हणाला. "मुलींत एक अन् मुलांत एक. कडूबाचा मिथुन राह्यला की यादीत घ्यायचा."

"न्हाई राह्यला," प्रांजली म्हणाली. तिने मान वर केली नाही, पण पुढचं अक्षर टाइप व्हायला जरा वेळ लागला. "बराबर हाय यादी. तुम्ही पुढच्या ओळी तपासा."

रामप्रसादने चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्वयंपाकघरात साखराबाई एकदम फार जोरात भांडी घासायला लागली होती.